नदीचे वळण आणि पावसाळ्यातला काठ



आपल्या खानदेशातील कोणतीही नदी घ्या. गिरणा घ्या, पांझरा घ्या, बोरी, वाघूर किंवा अनेर घ्या. उन्हाळ्यात तिच्या कोरड्या पात्रातून थोडे चालत गेलात तर एक गोष्ट हमखास दिसेल. नदी जेथे वळते तेथे एका बाजूला उभी दरड असते व तिच्या पायथ्याशी डोह असतो. समोरच्या बाजूला मात्र हळूहळू चढत जाणारे वाळवंट पसरलेले असते. पुढच्या वळणावर बाजू बदलतात. दरड या काठाची त्या काठाला जाते आणि वाळू त्या काठाची या काठाला येते.

दरडीच्या काठावर ज्याचे शेत आहे, त्याच्या दृष्टीने हे नुसते निसर्गदृश्य नसते. कागदोपत्री त्याचे क्षेत्र तेवढेच राहते, पण नांगराची तासे पावसाळ्यागणिक कमी होत जातात. बापाने बांधावर लावलेले निंबाचे झाड मुलाच्या हयातीत दरडीच्या तोंडाशी येते आणि एके वर्षी मुळांसकट खाली जाते. ही जमीन कोण नेतो? पाऊस की पूर? नेमकी केव्हा नेतो? आणि एकाच काठाची का नेतो? या तीन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू या. त्यासाठी आठवी ते दहावीपर्यंतचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

चहाच्या कपातली नदी

आधी तिसरा प्रश्न घेऊ. एका काचेच्या पेल्यात पाणी घ्या. त्यात चिमूटभर वापरलेली चहाची पत्ती टाका व चमच्याने गोल ढवळून चमचा काढून घ्या. पत्ती पाण्याहून जड असते. गोल फिरणाऱ्या जड वस्तू बाहेर फेकल्या जातात, म्हणून ती पेल्याच्या कडेला जमावी असे वाटते. प्रत्यक्षात ती तळाच्या मध्यभागी गोळा होते! असे का व्हावे?

फिरणाऱ्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट राहत नाही. कडेला तो थोडा उंच होतो व मध्यभागी खोलगट होतो. त्यामुळे कडेला दाब जास्त आणि मध्यभागी कमी असतो. दाबातील हा फरक पाण्याला आत ढकलतो आणि वर्तुळात फिरण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल पुरवतो. आता तळाजवळचे पाणी पाहा. तळाशी होणाऱ्या घर्षणामुळे त्याचा वेग कमी झालेला असतो. कमी वेगाला अभिकेंद्री बलही कमी पुरते. पण दाबातील फरक तर वरपासून खालपर्यंत सारखाच आहे. म्हणजे तळच्या पाण्यावर गरजेपेक्षा जास्त बल आत लावले जाते आणि ते मध्याकडे सरकते. याउलट पृष्ठभागाजवळचे वेगवान पाणी बाहेर सरकते. असे एक आडवे चक्र सुरू होते : वरचे पाणी बाहेर जाते, कडेने खाली उतरते, तळावरून आत येते आणि पुन्हा वर चढते. तळावरून आत येणारे पाणी पत्तीला आपल्याबरोबर मध्यभागी ओढून आणते.

नदीचे वळण म्हणजे या पेल्याचा एक तुकडाच होय. बाहेरच्या काठाकडे वेगवान पाणी येते, काठाशी खाली बुडी मारते, तेथील माती व वाळू उकरते आणि तळावरून आतल्या काठाकडे जाते. आतल्या बाजूला वेग कमी असल्यामुळे हाती असलेली वाळू तेथे टाकते. बाहेर दरड व डोह, आत वाळवंट, याचे कारण हे आहे. पाणी पुढेही वाहत असते, म्हणून त्याचा खरा मार्ग दोरीच्या पिळासारखा असतो.

हा विचार जेम्स टॉमसन या अभियंत्याने १८७६ साली मांडला होता. प्रसिद्ध शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांचे ते थोरले बंधू. पुढे १९२६ साली अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी चहाच्या पत्तीचेच उदाहरण घेऊन नदीच्या वळणांवर एक छोटा निबंध लिहिला. सापेक्षतेचा सिद्धांत मांडणाऱ्या माणसाला चहाच्या कपातला प्रश्नही क्षुल्लक वाटला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

एकदा किंचित वळण पडले की ते वाढतच जाते. बाहेरचा काठ खचतो, वळण अधिक तीव्र होते. पाणी जडत्वामुळे सरळ पुढे जाऊ पाहते, म्हणून सर्वांत जास्त धूप वळणाच्या ऐन टोकाला होत नाही. ती टोकाच्या थोडी खालच्या अंगाला होते. त्यामुळे सबंध वळणच हळूहळू प्रवाहाच्या दिशेने सरकत जाते. मऊ गाळाच्या प्रदेशात नागमोडीच्या एका पूर्ण लाटेची लांबी पात्राच्या रुंदीच्या साधारण १० ते १४ पट भरते. शेवटी दोन वळणांमधली मान इतकी अरुंद होते की एखाद्या पुरात नदी ती तोडून सरळ निघून जाते. मागे उरलेल्या जुन्या वळणाला आपण भूगोलात नालाकृती सरोवर म्हणतो.

मात्र प्रत्येक वळण याच कारणाने पडलेले असते असे समजू नका. धुळे, साक्री, शिंदखेडा या भागात काळ्या खडकाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. अशी भिंत आडवी आली की नदीला तिच्या कलाने घ्यावे लागते. ज्या वळणावर खडक उघडा दिसतो तेथे आपला चहाचा पेला जपून वापरावा.

पूर आला की काय बदलते?

आता थोडे गणित करू. समजा, एक नदी १०० मीटर रुंद आहे. तिचा उतार किलोमीटरला अर्धा मीटर, म्हणजे ०.०००५ आहे. वळणाची त्रिज्या ३०० मीटर आहे. साध्या दिवशी पाणी १ मीटर खोल असून वेग सेकंदाला ०.७५ मीटर आहे. पुरात खोली ८ मीटर झाली. खोली आठपट झाली की अशा पात्रात वेग सुमारे चौपट होतो, म्हणजे सेकंदाला ३ मीटर.

पहिली गोष्ट, वाहून जाणारे पाणी. रुंदी × खोली × वेग असा गुणाकार करा. साध्या दिवशी ते सेकंदाला ७५ घनमीटर व पुरात २,४०० घनमीटर येते. म्हणजे ३२ पट.

दुसरी गोष्ट, वळणावर पाण्याचा कल. बाहेरच्या काठाशी पाणी आतल्या काठापेक्षा किती उंच चढते?

उंचीतील फरक = वेगाचा वर्ग × रुंदी ÷ (गुरुत्वत्वरण × त्रिज्या)

साध्या दिवशी हा फरक सुमारे २ सेंटिमीटर येतो. पुरात तो सुमारे ३१ सेंटिमीटर येतो. मघाशी पाहिलेले आडवे चक्र ज्या दाबाच्या फरकावर चालते, तो सोळापट झाला.

तिसरी गोष्ट, तळावरची ओढ. वाहते पाणी तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला पुढे ओढत असते.

ओढ = पाण्याची घनता × गुरुत्वत्वरण × खोली × उतार

साध्या दिवशी : १००० × ९.८ × १ × ०.०००५ = ४.९ न्यूटन.
पुरात : १००० × ९.८ × ८ × ०.०००५ = ३९.२ न्यूटन.

ढोबळ हिशेबाने सुट्या खड्याच्या व्यासातील प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे ०.८ न्यूटन ओढ लागते, तेव्हा तो हलू लागतो. म्हणजे साध्या दिवशी हरभऱ्याच्या दाण्याएवढे, ६ मिलिमीटरचे खडे जेमतेम हलतील. पुरात सुमारे ५ सेंटिमीटरचे, म्हणजे लिंबाएवढे गोटे चालू लागतील. व्यास आठपट झाला, म्हणून एका गोट्याचे वजन ८ × ८ × ८ = ५१२ पट झाले.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा लक्षात घ्या. ०.१ न्यूटन ओढ दहा दिवस लावली तर ती १ न्यूटन ओढ एक दिवस लावण्याच्या बरोबरीची ठरत नाही. ठराविक मर्यादेच्या खाली खडा मुळीच हलत नाही. म्हणूनच जानेवारीतले घोटाभर पाणी महिनोन्महिने वाहूनही काठाला फारसा धक्का लावत नाही आणि भाद्रपदातली एक रात्र काठाचा नकाशा बदलून टाकते.

पावसाचे स्वतःचे काम

जळगावला वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. धुळ्याला त्याहून कमी. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो. हा पाऊस नदीकाठावर तीन प्रकारे काम करतो.

पहिला प्रकार थेंबांच्या माराचा. रिमझिम पावसाचा अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने पडतो. मुसळधार पावसाचा ३ मिलिमीटरचा थेंब सुमारे ८ मीटर वेगाने पडतो. मोठ्या थेंबाचे वस्तुमान २१६ पट व वेगाचा वर्ग १६ पट. म्हणजे एका थेंबाची गतिज ऊर्जा जवळजवळ साडेतीन हजारपट! उघड्या जमिनीवर हे थेंब मातीचे कण उडवतात. मग वाहणारे पाणी ते घेऊन काठावरून नदीत उतरते व काठात घळी पाडते. तापीच्या दोन्ही थड्यांना पिवळ्या गाळाच्या उंच काठांत अशा घळींचे जाळे पसरलेले दिसते. ते नदीने कोरलेले नाही. काठावरून खाली येणाऱ्या पावसाच्या पाण्याने ते कोरले आहे.

दुसरा प्रकार भेगांचा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, हे तुम्हांला सांगायला नको. काठाजवळच्या काही भेगा काठाला समांतर जातात. पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून सरळ खोल उतरते. कोरड्या मातीचा एक घनमीटर सुमारे दीड टन भरतो. तोच पाण्याने पूर्ण भिजला की सुमारे १.९ टन होतो. दरडीचे वजन असे वाढते आणि त्याच वेळी ओलीमुळे कणांची एकमेकांवरची पकड सैल होते.

तिसरा प्रकार पूर आणण्याचा. भेगा बुजेपर्यंत काळी जमीन भरपूर पाणी पिते. एकदा भिजून फुगली की मात्र ती पाणी आत घेईनाशी होते. म्हणून जूनमधला १०० मिलिमीटर पाऊस आणि सप्टेंबरमधला १०० मिलिमीटर पाऊस सारखे नव्हेत. समजा, १,००० चौरस किलोमीटरच्या पाणलोटात १०० मिलिमीटर पाऊस पडला व त्यातला निम्मा वाहून आला. ते पाणी होते ५ कोटी घनमीटर. ते १० तासांत नदीतून जायचे असेल तर सेकंदाला सरासरी सुमारे १,४०० घनमीटर वाहिले पाहिजे.

काठ पडतो तो पूर ओसरताना

आता सर्वांत मजेचा भाग. पुष्कळांना वाटते की काठ पुराच्या ऐन भरात कोसळत असेल. काही काठ तेव्हा कोसळतातही. पण मोठमोठे कडे बहुधा पाणी उतरू लागल्यावर पडतात. नदीकाठच्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक असते. पूर उतरला तरी ते गुरे दरडीजवळ बांधू देत नाहीत.

याचे कारण असे. काठाला टेकलेले ५ मीटर खोल पाणी काठाच्या प्रत्येक मीटर लांबीवर आडवे बल लावते. सरासरी दाब गुणिले क्षेत्रफळ असा हिशेब केला तर ते १,२२,५०० न्यूटन, म्हणजे साडेबारा टन वजनाइतके येते. पूर जणू काठाला टेकूच देऊन उभा असतो. दरम्यान काठाच्या आत पाणी मुरत राहते. पूर झपाट्याने ओसरला की टेकू निघून जातो. पण चिकण मातीत मुरलेले पाणी तितक्या लवकर बाहेर येत नाही. ते आतून दाबत राहते. जड झालेली, सैल पडलेली, आतून रेटली जाणारी दरड आता निराधार उभी असते.

त्यातच पुराने तिचा पाया पोखरलेला असतो. आपल्याकडील काठ बहुतेक थराथरांचे असतात. वर काळी माती, खाली पिवळा गाळ, मध्ये चुनखडीच्या खड्यांचे आणि वाळूचे पट्टे. चिकण माती कणाला कण चिकटून राहिल्यामुळे चटकन सुटत नाही. वाळू मात्र सुटते. म्हणून पाणी तळचा वाळूचा थर खाते आणि वरचा थर छज्जासारखा पुढे लोंबत राहतो. वर उन्हाळ्यातली भेग तयारच असते. मग धप्प असा आवाज होतो आणि काठाचा एक फाळका पाण्यात बसतो.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : पाऊस काठाला कमकुवत करतो, पूर त्याचा पाया काढून घेतो, ओसरणारे पाणी त्याला पाडते, आणि पुढचा पूर पडलेली माती उचलून नेतो. शेवटची पायरी विसरू नका. पडलेला ढीग पायथ्याशी राहिला तर तोच दरडीला आधार देतो. तो वाहून गेला की पुढच्या वर्षी काठ नव्याने उघडा पडतो.

खानदेशातले मोठे पूर

तापी मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. बंगालच्या उपसागरात तयार होणारी वादळी कमी दाबाची क्षेत्रेही बहुधा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. पाऊस आणि पूर एकाच दिशेने चालले की वरून येणाऱ्या पुरात खालच्या उपनद्यांचे पाणी नेमके त्याच वेळी येऊन मिळते. पूर्णा, वाघूर, गिरणा, अनेर, बोरी, पांझरा अशा नद्या भर घालत जातात आणि लोंढा फुगतच जातो. ऑगस्ट १९६८ च्या पुरात खालच्या तापीतून सेकंदाला सुमारे ४२,५०० घनमीटर पाणी गेले. आपल्या उदाहरणातल्या पुराच्या जवळजवळ अठरापट!

त्याआधीच्या नोंदीही आहेत. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये १८२२ च्या तापीच्या पुरात ६५ गावे पूर्णपणे वाहून गेल्याचे नमूद आहे. सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा आणि पांझरा यांना आलेल्या पुराने दीडशेहून अधिक गावांचे नुकसान केले. एकट्या धुळ्यात सुमारे ५०० घरे गेली. महिना सप्टेंबरचा होता, हे पाहा. जमीन तोवर तुडुंब भिजलेली असते. अलीकडे, ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस, चाळीसगावात तितूर व डोंगरी नद्यांनी एका रात्रीत काय केले ते तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल.

एवढे पूर येऊनही तापी बिहारमधल्या कोसीसारखी भटकत नाही. कोसी सुमारे दोनशे वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकली. तापीने मात्र आपल्या गाळात खोल घर केले आहे. उंच काठांमुळे पुष्कळदा मोठा पूरही पात्रातच राहतो. ऊर्जा मैदानावर पसरत नाही. ती तळावर आणि काठावरच खर्च होते. पुणे विद्यापीठातील भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तापीच्या मोसमी पुरांचा याच दृष्टीने अभ्यास केलेला आहे.

माणसाचा हात

नदीने काठ खाणे हा निसर्गक्रम आहे. पण त्याचा वेग आपण वाढवू किंवा कमी करू शकतो. पात्रातली वाळू बेसुमार उपसली की तळ खाली जातो. तळ खाली गेला म्हणजे दरड तेवढी उंच झाली, आणि उंच दरड लवकर पडते. गिरणाकाठच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. विहिरींचे पाणी खोल जाते ते निराळेच. धरणांमुळे पुराचे टोक बोथट होते, परंतु वाळू धरणात अडकते. पुढे जाणारे गाळाविना मोकळे पाणी तळ व काठ उकरायला अधिक मोकळे असते.

उलट काठावर गवत, वाळा, करंज, बांबू यांची दाट मुळे असली तर ती मातीला जाळीसारखी धरून ठेवतात. मात्र मुळे पोचतात त्याच्या खाली पाणी पोखरत असेल तर नुसती झाडे पुरत नाहीत. तेथे पायथ्याला तारेच्या जाळीत भरलेल्या दगडांचा आधार द्यावा लागतो. तो वळणाच्या टोकापासून खालच्या अंगाला दिला पाहिजे, हे आता तुम्हीच सांगू शकाल. आणि तो एकट्याने देऊन भागत नाही. एका शेताने दगड रचला की प्रवाहाचा रोख खालच्या शेतावर जातो. म्हणून हे काम वळणावरच्या सर्वांनी मिळून करायचे आहे.

नदीने एकाची जमीन न्यावी आणि समोरच्या काठाला नवी मळई घालावी, हा व्यवहार इतका जुना आहे की १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही मळईच्या व पाण्याने वाहून गेलेल्या जमिनीसाठी तरतुदी आहेत.

करून पाहा

१. पेल्यातला पत्तीचा प्रयोग करा. नंतर पत्तीऐवजी बारीक वाळू घ्या. वाळूचा ढीग कोठे पडतो?

२. नदीच्या वळणावर, दरडीपासून निदान २० मीटर आत असलेले एखादे झाड किंवा खांब निवडा. मे महिन्यात मोठ्या माणसांबरोबर जाऊन तेथून काठाच्या दिशेने अंतर मोजा. शेवटची चार मीटर मोजू नका, ती लांबूनच अंदाजा. दिवाळीनंतर पुन्हा मोजा. पावसाळ्यात व पूर ओसरल्यावर आठवडाभर दरडीकडे मुळीच फिरकू नका. काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या अलीकडेच थांबा.

३. तुमच्या भागाच्या नकाशावर किंवा उपग्रह-चित्रावर नदीची दोन लागोपाठची वळणे शोधा. लाटेची लांबी आणि पात्राची रुंदी मोजून गुणोत्तर काढा. ते १० ते १४ च्या दरम्यान येत नसेल तर तेथे खडक, बंधारा किंवा पूल आहे का ते पाहा.

४. एका वळणावर १०० मीटर लांबीचा, ५ मीटर उंचीचा काठ एका पावसाळ्यात २ मीटर मागे सरला. एक घनमीटर माती १.६ टन धरल्यास किती टन माती गेली? १० टनांच्या किती मालमोटारी भरतील? (उत्तर : १,६०० टन, १६० मालमोटारी.)

५. नदीची रुंदी व त्रिज्या तीच ठेवून वेग सेकंदाला ३ ऐवजी ४ मीटर झाला, तर बाहेरच्या काठाशी पाणी किती चढेल? (उत्तर : सुमारे ५४ सेंटिमीटर.)

शिक्षकांना एक सूचना. दुसऱ्या प्रयोगाच्या नोंदी शाळेच्या एका वहीत दरवर्षी लिहून ठेवाव्यात. पाच-सहा वर्षांच्या नोंदी आणि त्या वर्षांचा पाऊस शेजारी शेजारी मांडला, तर कोणत्या पावसाने आपल्या गावाचा काठ नेला हे विद्यार्थ्यांना आकड्यांत दिसेल. ग्रामपंचायतीला दगड कोठे टाकायचा हे ठरवतानाही ती वही उपयोगी पडेल.